बर्कलेसाहेबाची साखळी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या भिंतीला पाठ टेकून दोन तालुके शेजारी शेजारी बसले आहेत. शहापूर आणि मुरबाड. पाऊस सारखा, भातखाचरे सारखी, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या सारख्या, आणि चैत्रात पाण्यासाठी होणारी पायपीटही सारखीच. फरक एकच. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिकचा लोहमार्ग जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनांची माळच तिथे आहे. मुरबाड तालुक्यात मात्र रुळाचा एक तुकडा नाही. मुरबाडच्या माणसाला गाडी गाठायची तर आधी एस.टी.ने कल्याण गाठावे लागते.

माझे आजोळ मुरबाडकडचे. त्यामुळे ही रेल्वे हुकल्याची हळहळ मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यामागची कारणेही तऱ्हेतऱ्हेची ऐकली. कोणी म्हणे, गावच्या बड्या लोकांनी नको म्हटले. कोणी म्हणे, साहेबाला शहापूरचे पाणी आवडले. एका मामांचे ठाम मत असे की, नकाशावर रेघ ओढताना साहेबाच्या हाताला धक्का लागला. पुढे मी एका तंत्रनिकेतनात सर्वेक्षण हा विषय शिकवू लागलो आणि दरवर्षी पोरांना घेऊन कधी कसाऱ्याकडे, कधी वैशाखऱ्याकडे मोजणीच्या शिबिराला जाऊ लागलो. तेव्हा कळले की रेघ ओढणाऱ्याचा हात मुळीच हलला नव्हता. त्या हाताचा मालक होता जेम्स जॉन बर्कले, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सर्वांना ठाऊक असते. ती ज्याने धावती केली त्याचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. या माणसाचे खरे काम ठाण्यापर्यंतच्या सपाटीवर नव्हते, ते घाटात होते. आणि घाटातलेही निम्मे काम सुरुंग पेटण्याच्या आधी, साखळी आणि दुर्बिणीने झाले होते.

बर्कलेचा जन्म १८१९ मधला, लंडनजवळच्या हॉलोवेचा. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात. तो वयात आला तो काळच इंग्लंडात रेल्वेच्या वेडाचा होता. हुशार पोराने वकील व्हावे की इंजिनिअर, असा प्रश्न त्या काळी घराघरांत पडत असावा. बर्कले रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झाला. हा स्टीफन्सन म्हणजे आगगाडीच्या इंजिनाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा, आणि स्वतः त्या काळचा अव्वल इंजिनिअर. १८४९ मध्ये जी.आय.पी. रेल्वे कंपनीला पार्लमेंटने मान्यता दिली तेव्हा मुंबईला कोणाला पाठवावे, या प्रश्नावर स्टीफन्सनने आपल्या या तरुण सहकाऱ्याचे नाव पुढे केले. फेब्रुवारी १८५० मध्ये बर्कले मुंबईत उतरला. वय तीस. सह्याद्री त्याने तोवर पाहिलेलाही नव्हता.

त्याच्या हाती कंपनीने जी योजना ठेवली होती ती मुरबाडकरांनी नीट ऐकावी अशी आहे. कंपनीच्या मूळ प्रवर्तकांपैकी जॉन चॅपमन याच्या मनातला मार्ग थळ घाटातून जात नव्हता आणि बोरघाटातूनही जात नव्हता. तो कल्याणहून निघून माळशेज घाटाने वर चढत होता. वर आळ्याच्या पठारावर पोचल्यावर त्याला दोन फाटे फुटणार होते. एक वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाकडे आणि दुसरा पुणे-सोलापूरच्या दिशेने. म्हणजे गाडी मुरबाड तालुक्यातून जाणार, असेच कागदावर लिहिलेले होते!

ही योजना वेडेपणाची होती असे कोणी समजू नये. सह्याद्री चढणे हे या रेल्वेतले सर्वांत महाग काम. ते एकदाच करावे आणि दोन्ही प्रदेशांचा माल एकाच घाटाने खाली आणावा, हा हिशेब लंडनच्या भागधारकाला पटकन पटणारा होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो स्वस्तात हवा होता. शिवाय परंपरा पाहिली तर मुरबाडचा हक्क फार जुना. माळशेजच्या शेजारीच नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरच्या बाजारपेठेकडे जाणारा हा सातवाहनांच्या काळचा राजमार्ग. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण अजून तिथे माथ्यावर उभा आहे, आणि नागनिका राणीच्या लेण्यातल्या शिलालेखात कोरलेले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी मानले जातात. दोन हजार वर्षांपूर्वी माल मोजून घेणारी वाट ती हीच. मग बैलांचे तांडे जिथून गेले तिथून आगगाडी का जाऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर मोजणीच्या पहिल्या धड्यात आहे. तो धडा कंटाळवाणा नाही, म्हणून थोडा वेळ इथे थांबू.

आपल्याकडे अंतर कोसात सांगत. कोस म्हणजे ढोबळ दोन मैल. पण सांगणारा दमलेला असेल तर कोस लांबतो आणि पाहुण्याला धीर द्यायचा असेल तर आखडतो. जमीन मात्र काठीने मोजत. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीतली काठी पाच हात आणि पाच मुठींची, आणि अशा वीस काठ्यांच्या औरसचौरस जमिनीला बिघा म्हणत. इंग्रजांनी आणली साखळी. तिचा जनक सतराव्या शतकातला एडमंड गुंटर. त्याची साखळी ६६ फुटांची आणि तिला १०० कड्या. ६६ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यात खुबी आहे. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. लांबी आणि क्षेत्रफळ दोन्ही एकाच हत्याराने, तोंडच्या हिशेबाने. मुंबई इलाख्यातल्या जमीन महसुलाच्या मोजणीत याच साखळीची अर्धी, ३३ फुटांची साखळी वापरली गेली आणि आपल्या रुपयाच्या सवयीप्रमाणे तिचे सोळा आणे पाडले गेले. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आज शहापूर-मुरबाड रस्त्यावर फार्महाऊसच्या प्लॉटच्या ज्या पाट्या दिसतात त्यांवरचा गुंठा तो हाच. त्या साखळीची लांबी त्याच्या पोटात आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही.

साखळी धरणे सोपे वाटते. दोन माणसे, दोन टोके. पण धातू उन्हात वाढतो. सकाळच्या आणि दुपारच्या तापमानात वीस अंशांचा फरक पडला तर पोलादी साखळीने मोजलेल्या एका मैलात सुमारे सव्वा फुटाची चूक येते. एवढे चालवून घेता येते. उतारावर मात्र गंमत निराळी. पाच फुटांना एक फूट चढणाऱ्या डोंगरावर साखळी जमिनीवर आडवी टाकून मोजले, तर चूक तेवढीच, सव्वा फुटाची. पण ती मैलाला नव्हे, दर साखळीला! कारण नकाशावरचे अंतर हे पाण्याच्या पातळीतले, आडवे अंतर असते. म्हणून डोंगरात साखळी जमिनीवर टाकायची नसते. ती आडवी ताणून धरायची, टोकाशी ओळंबा सोडायचा आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखे एक एक पाऊल खाली किंवा वर सरकायचे. माझी पोरे हे काम दहा मिनिटे करून वैतागत. बर्कलेच्या माणसांनी ते वर्षानुवर्षे केले.

आडव्या अंतराइतकीच महत्त्वाची उंची. तिच्यासाठी लेव्हल नावाची दुर्बीण. तिला बुडबुड्याच्या नळीने अगदी समपातळीत बसवतात. मागच्या जागेवर फूट-इंच रंगवलेली पट्टी उभी करून वाचन घ्यायचे, मग तीच पट्टी पुढच्या जागेवर. दोन वाचनांतला फरक म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक. मग दुर्बीण उचलायची, पुढे न्यायची, पुन्हा तेच. ज्याला हा उद्योग कळला त्याला डोंगराची उंची दोरी न सोडता कळते. आणि उद्योग खरा झाला की खोटा, हे तपासण्याची रीतही साधी आहे. मोजत मोजत निघाल्या जागी परत यायचे. बेरीज-वजाबाकी शून्यावर आली नाही तर वहीत कुठे तरी पाप आहे.

कड्यावर माणूस चढत नसेल तर त्याचीही सोय आहे. पायथ्याशी सपाटीवर एक रेघ काळजीपूर्वक मोजायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून थिओडोलाइट नावाच्या कोनमापकाने कड्याच्या टोकाकडे पाहायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन हाती आले की उरलेल्या बाजू वहीतच निघतात; चढणीचा कोन मिळाला की उंचीही. दहावीच्या भूमितीत आपण जे कंटाळून शिकतो त्याच त्रिकोणांवर साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा उभा राहिला.

आता बैल आणि आगगाडी. बैल तीन फुटांना एक फूट चढू शकतो, माणूस तर हातापायांनी त्याहून खडी वाट चढतो. म्हणून जुन्या वाटा आखूड आणि खड्या. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. त्या काळचे इंजिन फार तर ३७ फुटांना एक फूट या चढाला तयार होते, आणि तेही धापा टाकत. म्हणजे हजार फूट उंच जायचे तर किमान ३७ हजार फूट, जवळजवळ सात मैल, सलग लांबी हवी. नुसती लांबी पुरत नाही. ती डोंगराच्या अंगावर कुठे तरी अंथरता आली पाहिजे. कड्यावर सात मैलांची पट्टी अंथरायची कशी? त्याला हवी डोंगराची सोंड; मुख्य भिंतीतून निघून हळूहळू कोकणात उतरत येणारी. अशी सोंड सापडली तर तिच्या कुशीला चिकटून रूळ वर जातील.

बर्कले ती सोंड शोधत हिंडला. घोड्यावर, पायी, जंगलातून. पावसाळ्याचे चार महिने काम बंद. उरलेल्या काळात ताप, आणि वाघाची भीती. त्याच्या हाताखालच्या इंजिनिअरांच्या तुकड्या एका रेषेवर मोजणी करत, कागदावर डोंगराचा उभा छेद काढत, चढ मर्यादेबाहेर गेला की ती रेघ टाकून शेजारची धरत. एका रेषेचा छेद काढूनही भागत नाही. डोंगराच्या कुशीत रूळ टाकायचा तर थोड्या थोड्या अंतरावर आडवे छेद लागतात, म्हणजे एका अंगाला किती खोदायचे आणि दुसऱ्या अंगाला किती भर टाकायची ते कळते. सह्याद्रीचा खडक काळाकभिन्न बेसाल्ट. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. पहारीने भोके पाडायची आणि त्यांत बंदुकीची दारू ठासायची. अशा खडकात दहा फूट रेघ इकडे की तिकडे, यावर कित्येक महिन्यांचे काम आणि हजारो रुपये ठरत. मोजणी जितकी बारीक तितका पुढचा खर्च कमी, हे बर्कलेला पक्के माहीत होते, म्हणून घाईच्या तगाद्यांना न जुमानता त्याने घाटांच्या मोजणीला वर्षे दिली.

माळशेजची रेघ या मोजणीत टिकली नाही. मुरबाडकडे जमीन घाटाच्या पायथ्यापर्यंत सखलच राहते. वैशाखऱ्यापर्यंत गेले तरी आपण फारसे चढलेले नसतो आणि मग समोर एकदम भिंत उभी राहते. पावसाळ्यात ज्या कड्यांवरचे धबधबे पाहायला आज गाड्यांच्या रांगा लागतात, तेच कडे. डोळ्यांना सुंदर, रुळाला निरुपयोगी. सारी चढण एकाच ठिकाणी, आणि ती अंथरायला सोंड नाही.

शहापूरकडे निसर्गाने निराळी व्यवस्था करून ठेवली होती. वासिंद सोडले की जमीन चढू लागते. आसनगाव, आटगाव, खर्डी अशी ती पायरी पायरीने वर येते, आणि कसाऱ्याला पोचेपर्यंत समुद्रापासून सुमारे साडेनऊशे फूट चढून झालेले असते. गाडीत बसलेल्याला ते जाणवतही नाही. म्हणजे इगतपुरीच्या उंचीतली जवळजवळ निम्मी चढण शहापूर तालुक्याने गुपचूप स्वतःच्या अंगावर घेतली आहे. घाटात उरतात ९७२ फूट. बर्कलेच्या आखणीत ते चढायला ९ मैल २६ साखळ्या लागल्या. (हो, रेल्वेच्या कागदांत अंतर मैल आणि साखळ्यांतच लिहीत.) आकडेमोड करून पाहावी: सरासरी चढ पन्नासाला एक येतो आणि सर्वांत खडा भाग ३७ ला एक. बसले बरोबर.

पण थळ घाट घेतला की पुण्याची वाट सुटते. तिच्यासाठी बोरघाट वेगळा चढावा लागणार. तिथे चढण १८३१ फुटांची आणि लांबी पावणेसोळा मैल. म्हणजे एका घाटाऐवजी दोन घाट. हे लंडनला कळवणे ही साधी गोष्ट नव्हती. जी योजना दाखवून भागधारकांकडून भांडवल उभे केले ती होणार नाही, आणि जी होईल तिच्यात महागडी चढण दोनदा आहे, असे तीस-पस्तिशीच्या इंजिनिअरने कंपनीला सांगायचे होते. बर्कलेने ते सांगितले. मला त्याच्या साऱ्या आयुष्यात हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. पूल आणि बोगदे नंतरचे. हाताशी नुसता अंदाज असता तर त्याचे कोणी ऐकले नसते. त्याच्यापाशी मोजणीच्या वह्या होत्या.

मुरबाडच्या कथेतला खरा चटका पुढेच आहे. या रेल्वेसाठी मुंबईत ज्यांनी सर्वांत आधी खटपट केली, त्यांत नाना शंकरशेट अग्रभागी. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी रेल्वेसाठी संस्था उभारली आणि पुढे कंपनीच्या मुंबईतल्या पहिल्या संचालकांतही नाना होते. आणि नानांचा जन्म कुठला? १० फेब्रुवारी १८०३, मुरबाड. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. घराण्याचा व्यापार मुंबईत स्थिरावला होता हे खरे, पण जन्मगाव ते जन्मगाव. ज्या गावाने मुंबईला रेल्वेचा पुरस्कर्ता दिला त्याच गावाला रेल्वे मिळाली नाही. बड्यांनी नको म्हटल्याच्या त्या आख्यायिकेत म्हणूनच काही अर्थ नाही. मुरबाडचा माणूस संचालकांत बसलेला असूनही उपयोग झाला नसता. चढ कोणाचा वशिला मानत नाही.

खालच्या कामाचा वृत्तांत थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन, तोफांच्या सलामीत ठाण्याला गेली. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली, आणि १८५५ च्या ऑक्टोबरात वासिंदला. म्हणजे शहापूर तालुक्याने आगगाडीचा धूर पाहिला तो सत्तावन्नच्या बंडाच्या आधी. या कामांत बर्कलेने एक धोरण ठेवले. इंग्रज कंत्राटदारांबरोबर देशी कंत्राटदारांनाही त्याने कामे दिली. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थाने जी.आय.पी.ची कंत्राटे घेऊन ती चोख पार पाडली, हे त्यातले ठळक उदाहरण.

घाटांचे काम मात्र थोडक्यात सांगण्यासारखे नाही. बोरघाटात १८५६ पासून आणि थळ घाटात त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत सुरुंग वाजू लागले. थळ घाटात तेरा बोगदे. सहा मोठे पूल, त्यांतला एहेगावचा १८२ फूट उंच. सतरा-अठरा मजली इमारत दरीत उभी करावी तसा. बोरघाटात पंचवीस बोगदे, आणि चढण एका दमात बसेना म्हणून गाडी मध्येच थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावण्याचे स्टेशन. कड्याला दोरांनी लोंबकळून माणसांनी भोके पाडली. बोरघाटावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीच्या साथी आल्या, ताप आले, दरडी कोसळल्या. हजारोंनी माणसे मेली. १८५९ मध्ये मजुरी थकल्यावरून बोरघाटात मोठा दंगा झाला आणि कंत्राटदार काम सोडून गेला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची विधवा ॲलिस हिने माणसे नेमून ते काम शेवटास नेले. या बाईवर कोणी तरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.

नकाशा काढणाऱ्याला या मृत्यूंची जबाबदारी किती, असा प्रश्न मला शिबिरात एकदा एका मुलीने विचारला होता. आम्ही तेव्हा कसाऱ्याच्या वर बोगद्याच्या तोंडाकडे पाहत उभे होतो. मी तिला एवढेच सांगितले की बर्कलेची रेघ चुकली असती तर माणसे आणखी मेली असती. उत्तर खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. घाटातल्या इंजिनिअरांची नावे छापील अहवालांत सापडतात. साखळीचे टोक धरून दरीच्या काठाने गेलेल्या माणसाचे नाव लिहिण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. तीच गत पहार मारणाऱ्याची.

बर्कलेने स्वतः आपल्या कामाविषयी लिहिले ते इंजिनिअरांच्या सभांसाठी. १८५७ च्या डिसेंबरात मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बोरघाटाच्या चढणीवर निबंध वाचला. १८६० मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे हिंदुस्थानी रेल्वेवरचा त्याचा निबंध आला. पण तब्येत ढासळत चालली होती. सह्याद्रीतल्या हिंडण्याने आणि मुंबईच्या हवेने शरीर पोखरले. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो मुंबई सोडून मायदेशी गेला. त्या वर्षाच्या १ जानेवारीला गाडी कसाऱ्यापर्यंत आली होती आणि वर इगतपुरीहून पुढचे रूळही त्याच महिन्यात सुरू झाले होते. मधला घाट तेवढा उरला होता. खाली गाडी, वर गाडी, आणि मध्ये ९ मैल २६ साखळ्यांचे अंतर प्रवाशाने जमेल तसे काटायचे.

ते अंतर भरलेले बर्कलेने पाहिले नाही. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम येथे तो वारला. वय अवघे बेचाळीस. आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ ला बोरघाट खुला झाला. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातून गाडी इगतपुरीला चढली. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना शंकरशेटही गेले.

आज कसाऱ्याला गाडी थांबली की मागे जादा इंजिने लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. १९३० च्या सुमारास वाफ जाऊन वीज आली, मार्गांत फेरफार झाले, पण सदतीसला एक हा चढ तसाच आहे आणि नव्या इंजिनांनाही तो मागून रेटा घेतल्याशिवाय सुटत नाही. शेजारून मुंबई-आग्रा रस्ता, आणि २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा. त्याच्या आखणीला साखळी लागली नाही; उपग्रहांवरून जागा ठरवणारी यंत्रे आणि किरणांनी अंतर मोजणारी उपकरणे आली. त्या रस्त्याने घाटाची चढण डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने टाळली. मात्र या रस्त्यासाठी ज्यांची शेते गेली त्या शहापूरच्या शेतकऱ्यांच्या हाती पडलेल्या कागदांवर हिशेब एकर-गुंठ्यांचाही होता. तेहतीस फुटांची ती साखळी तिथे अजून जिवंत आहे. मुरबाडच्या रेल्वेची मागणीही जिवंत आहे. २०२० नंतरच्या वर्षांत कल्याण-मुरबाड मार्गाच्या मोजण्यांच्या आणि भूसंपादनाच्या बातम्या येत राहिल्या. हा मार्ग मुरबाडपर्यंतचा. पुढे भिंत आहेच.

बर्कलेच्या मागे मुंबईतल्या त्याच्या मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी निधी जमवला आणि त्यातून मुंबई विद्यापीठात स्थापत्य शाखेसाठी त्याच्या नावाचे पारितोषिक ठेवले गेले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये पहिला आलेला एक म्हैसूरकडचा विद्यार्थी या पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात १८८४ मध्ये त्याची पहिली नेमणूक झाली ती नाशिकला, थळ घाटाच्या वरच्या अंगाला.